मेजाच्या वरचं आकाश

जॅकेट हा दिवसाचा कपडा. घोड्यावर बसायला, प्रवासाला, कचेरीत जायला घालायचा. त्याला खिसे असतात, कारण कामाच्या माणसाला चार वस्तू अंगाशी लागतात. त्याचे खांदे बांधीव असतात, कारण ती शिवण मुळात पुरुषांच्या शिंप्याची. युरोपातल्या धनिक घरची बाई रात्रीच्या जेवणाला किंवा नाचाला जे घालून जायची त्यात यातलं काहीच नसे. खांदे आणि हात उघडे, खिसा औषधालाही नाही, घेर जमिनीवर लोळणारा. या दोघांचं जमण्याचं तसं काही कारण नव्हतं. तरीही 1930च्या दशकात पॅरिसमध्ये ते जमलं. मखमलीचं किंवा रेशमाचं, जरीकामाने जड झालेलं, चमत्कारिक बटणांचं आणि दिवस मावळल्यावरच घालायचं असं जॅकेट तयार झालं. ते कोणी जमवलं, कसं जमवलं आणि पुढे त्याचं काय झालं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

संध्याकाळची जॅकेटं त्या काळात बऱ्याच जणांनी केली. चार्ल्स जेम्स या वेशकाराने 1937 साली पांढऱ्या सॅटिनचं एक केलं. आत ईडर बदकाची मऊ पिसं भरलेली, वर जरीचा एक धागा नाही; सगळी भिस्त कापडाच्या फुगवट्यावर. आज थंडीत सर्रास दिसणाऱ्या फुगीर जॅकेटांचं ते पूर्वज मानलं जातं आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात ते आहे. पण एखाद्या अपवादाने परंपरा होत नाही. दर हंगामात नव्या कल्पनेचं जॅकेट काढून, ते सातत्याने विकून, संध्याकाळच्या पोशाखाचा गुरुत्वमध्यच हलवला तो एल्सा स्कियापारेली या इटालियन बाईने. म्हणून या पुस्तकाच्या मध्यभागी तिचंच एक जॅकेट ठेवलं आहे. 1938-39च्या हिवाळ्यासाठी केलेलं, गडद निळ्या मखमलीचं, राशीचक्राचं जॅकेट.

आखूड, लांब बाह्यांचं, अंगाला बेतून शिवलेलं. त्यावर सोनेरी जरीत उभारलेल्या बारा राशी, त्यांच्या अवतीभवती ग्रह आणि तारे, आणि खांद्यावर सप्तर्षी. हे आकाश एवढ्याशा कपड्यावर, तेही छाती-खांद्याच्या भागावर का आलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कपड्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा शिवणाऱ्यापासून सुरुवात करतो. इथे बघणाऱ्यापासून करायला हवी. एकोणिसाव्या शतकात रात्रीचा पोशाख बघितला जायचा तो उभ्या बाईच्या अंगावर. ऑपेराच्या जिन्यावरून उतरताना, नाचाच्या दालनात शिरताना. नजरेला डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं दिसे, म्हणून कापड, झालर आणि कशिदा यांचा भर घेरावर आणि मागे ओढत जाणाऱ्या शेवावर असे. पहिल्या महायुद्धानंतर हे बदललं. मोठी घरं चालवणं परवडेनासं झालं, नोकरांचे ताफे घटले, जेवणावळी घराबाहेर हॉटेलांत आणि नाइटक्लबांत झडू लागल्या. जुने उमराव, नट-नट्या, चित्रकार, अमेरिकन पैसेवाले अशी सरमिसळ मंडळी तिथे रोज एकमेकांना भेटत. वर्तमानपत्रांत त्यांच्या खबरी येत, ‘व्होग’ आणि ‘हार्पर्स बझार’मध्ये फोटो छापले जात. या मंडळींतली बाई रात्रीचे कित्येक तास खुर्चीवर बसलेली असायची. मेजावरच्या पांढऱ्या चादरीखाली तिचा निम्मा पोशाख गडप. समोरच्याला, शेजारच्या मेजाला आणि कॅमेऱ्याला दिसायचे ते चेहरा, गळा, खांदे, छाती आणि हात.

स्कियापारेलीने हे हेरलं. खर्च आणि कल्पकता दोन्ही तिने कंबरेच्या वर नेली आणि खाली ठेवला साधा, सरळ, बहुतेकदा काळा पायघोळ झगा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2012 साली स्कियापारेली आणि मिउचा प्रादा या दोन इटालियन बायकांच्या कामाचं एकत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा एका विभागाची मांडणीच मुळी ‘कंबरेच्या वर’ आणि ‘कंबरेच्या खाली’ अशी होती. वरचा भाग स्कियापारेलीचा, खालचा प्रादाचा. या पुस्तकातली विचाराची दिशा त्या मांडणीशी जुळणारी आहे. फरक एवढाच, की मला ती फक्त सौंदर्याची निवड वाटत नाही. तिच्यामागे हिशेबही होता. एका काळ्या झग्यावर तीन जॅकेटं घेतली की तीन पोशाख होतात. 1929च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर पॅरिसकडे पाठ फिरवू लागलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकांना हा हिशेब कळण्याजोगा होता. शिवाय तेव्हाचे तलम, तिरप्या कापाचे रात्रीचे झगे पाठीवर पार कंबरेपर्यंत उघडे असत. जेवताना जॅकेट अंगावर आणि नाचायला उठताना खुर्चीच्या पाठीवर, अशी ती दुहेरी सोय होती.

1930च्या सुमारास तिने केलेला एक पोशाख या साऱ्याची सुरुवात म्हणता येईल. खाली काळ्या क्रेपचा जमिनीपर्यंतचा झगा आणि वर पांढऱ्या क्रेपचं जॅकेट, ज्याचे लांब पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून पुढे बांधायचे. ना जर, ना मणी. पण त्याच्या नकला जगभर निघाल्या आणि 1954 साली लिहिलेल्या आत्मचरित्रात तिने त्याची गणना आपल्या मोठ्या यशांत केली. नंतरची सगळी जरतारी जॅकेटं या साध्या पायावर उभी आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

ही बाई शिवणकाम शिकलेली नव्हती. 1890 साली रोममध्ये, पालाझ्झो कोर्सिनीत तिचा जन्म झाला. वडील अरबीचे पंडित आणि ग्रंथपाल. काका जोव्हान्नी स्कियापारेली मिलानच्या ब्रेरा वेधशाळेचे प्रमुख. 1877 साली मंगळाचा नकाशा काढून त्यावर रेघांचं जाळं दाखवणारे आणि जगभर वादाला तोंड फोडणारे ते हेच. पुतणीच्या गालावरचे तीळ बघून ‘हे तर सप्तर्षी’ असं त्यांनी म्हटल्याची आठवण तिने जन्मभर जपली. ती आकृती ती आपली खूण म्हणून वापरायची. एकविशीच्या आत-बाहेर तिने कवितांचं पुस्तक छापलं आणि त्यातल्या मोकळेपणाने घरच्यांना हादरवलं. पुढे लंडनमध्ये थिऑसफी या अध्यात्मपंथावर व्याख्यानं देणाऱ्या एका काउंटशी लग्न केलं. न्यूयॉर्कला गेल्यावर संसार मोडला. 1920 साली झालेल्या मुलीच्या लांबलचक नावात ‘राधा’ हेही एक नाव आहे, ते त्या थिऑसफीच्या दिवसांची आठवण म्हणावं असं. मुलीला पोलिओ झाला. हातात पैसा नाही, पदरात आजारी मूल, अशा अवस्थेत ती 1922 साली पॅरिसला आली. तिथे पॉल प्वारे या बुजुर्ग वेशकाराने तिला उत्तेजन दिलं. 1927 साली एका आर्मेनियन विणकरणीच्या हातून तिने स्वेटर करवून घेतला, ज्याच्या गळ्याशी विणीतच पांढरा बो काढलेला होता. बो बांधलेला दिसायचा, पण नसायचा. अमेरिकन दुकानांनी त्याची मागणी नोंदवली आणि धंदा उभा राहिला. 1935 साली तो प्लास व्हांदोमच्या 21 क्रमांकाच्या इमारतीत गेला.

त्या स्वेटरमध्येच पुढच्या जॅकेटांचं बीज आहे. कपड्याचा पृष्ठभाग म्हणजे चित्र काढायची जागा, आणि ते चित्र बघणाऱ्याची गंमत करणारं असावं, हा तिचा खाक्या. म्हणून चित्रकारांशी तिचं जमलं. साल्वादोर दालीबरोबर तिने केलेल्या सूटचे खिसे टेबलाच्या खणांसारखे दिसत. 1937च्या शरद ऋतूसाठी जाँ कॉक्तोने रेखाटन दिलं, ते राखाडी लिननच्या संध्याकाळच्या जॅकेटवर उतरलं. एका बाईचा चेहरा बाजूने दिसतो, तिचा हात घालणारीच्या कंबरेशी येतो आणि तिचे सोनेरी केस, लांबट काचमण्यांचे, एका बाहीवरून थेट मनगटापर्यंत वाहत जातात. मेजावर कोपर टेकवून बसलेल्या बाईची बाही समोरच्याला किती वेळ दिसते, याचा विचार केल्यावाचून कोणी बाहीला एवढं महत्त्व देणार नाही. 1938च्या फेब्रुवारीत सर्कशीचा संग्रह आला. त्यातल्या गुलाबी रेशमी जॅकेटच्या कापडात घोडे विणलेले आहेत आणि पुढे बटणांच्या जागी धातूचे कसरतपटू झेप घेतात.

बटणांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते हौसेखातर घातलेलं नाही. जॅकेटचा पुढचा मध्य ही जेवणाऱ्या बाईच्या अंगावरची सर्वांत मोक्याची जागा, आणि तिथे शिंपी पाच-सहा साधी बटणं लावून मोकळा होतो. स्कियापारेलीने तिथे नाकतोडे, फुलपाखरं, आरसे लावले. ती घडवणाऱ्यांत जाँ क्लेमाँ होता आणि जाँ श्लुम्बर्जेही. याच श्लुम्बर्जेने पुढे न्यूयॉर्कला टिफनीसाठी जडजवाहीर घडवलं. दागिना आणि कपडा यांच्यामधली सीमारेषा इथे पुसली जाते. गळ्यात हार घालण्याची गरजच उरत नाही.

आता राशींच्या जॅकेटकडे. ते ज्या संग्रहातलं, तो 1938च्या ऑगस्टमध्ये दाखवला गेला. त्याच हंगामात सूर्यदेवता आणि व्हर्सायचा राजेशाही थाट हेही तिच्या डोक्यात होते. पाठीवर सोनेरी सूर्य असलेली तिची गाजलेली केप त्याच मोसमातली. ग्रहतारे तिच्या घरचेच होते. काकांच्या दुर्बिणीतून आलेलं खगोल आणि तिच्या स्वतःच्या श्रद्धेतून आलेलं फलज्योतिष, दोन्ही एका मखमलीवर नांदतात. त्यांच्यातलं भांडण तिला मिटवायचं नव्हतं. काहीच आठवड्यांनी म्युनिकचा करार झाला, वर्षभरात युद्ध पेटलं. म्हणून काही लेखक या जॅकेटात येऊ घातलेल्या संकटाची चाहूल शोधतात. मला तसं वाचन सैल वाटतं. ऑगस्टमध्ये दाखवलेल्या कपड्यांचा कशिदा त्याआधी बराच काळ चौकटीवर असतो. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या आपल्याला त्यात भविष्य दिसतं, एवढंच. त्या जॅकेटवर दिसतं ते स्वतःवर खूश असलेल्या, कीर्तीच्या शिखरावर पोचलेल्या बाईचं खेळकर आत्मचित्र. सप्तर्षी तिने गालावरून उचलले आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवले.

आकाश मात्र तिने स्वतः टाचलेलं नाही. ते काम लसाज यांच्या कारखान्यातलं. आल्बेर आणि मारी-लुईज लसाज या जोडप्याने 1924 साली मिशोने हा जुना कशिद्याचा कारखाना घेतला होता. मारी-लुईजचा मादलेन व्हियोने या वेशकर्तीच्या कामाशी आधीपासून संबंध होता. आधी कागदावर आकृती काढायची, रेघेवर बारीक भोकं पाडायची, मग पुडीने रंग चोळून ती कापडावर उतरवायची. कापड लाकडी चौकटीवर ताणायचं आणि भरायचं. जॅकेट शिवायच्या आधी हे सगळं सुट्या भागांवर होतं, म्हणून शिवणीवरून जाणारी नक्षी दोन्हीकडे तंतोतंत जुळणं हीच कसोटी. मखमलीवर तर अडचणी दुप्पट. तिचे केस बारीक मणी गिळून टाकतात, तेव्हा आकृतीखाली भर देऊन ती उचलावी लागते. आणि एकदा दबलेली मखमल इस्त्रीने उभी राहत नाही.

फ्रान्समध्ये या कामाचं एक मुख्य हत्यार म्हणजे बारीक आकडी. ल्युनेव्हिल गावाच्या नावाने तिथली पद्धत ओळखली जाते. कापड उलट्या बाजूने चौकटीवर, मणी दोऱ्यात आधीच ओवलेले, आणि कारागीर आकडीने साखळी टाका घालत मणी खालच्या, म्हणजे सुलट बाजूला बसवत जाते. स्वतः काय घडवतेय ते तिला काम संपेपर्यंत पुरतं दिसतही नाही. आकडीच्या साखळी टाक्याची ही विद्या अठराव्या शतकात पूर्वेकडून, मुख्यतः भारतातून युरोपात गेली असं मानलं जातं. आपल्याकडे तीच आरी. आपले कारागीर मात्र अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड सुलट ठेवतात आणि मणी-टिकली वरून बसवतात. अशी ही नात्याची कथा पुढे उलट दिशेनेही चालली. लसाज घराण्यातला पुढचा वंशज 1990च्या दशकात चेन्नईत कारखाना काढून बसला. मुंबईतले कशिद्याचे कारखाने आज युरोपातल्या मोठ्या नावांसाठी भरतात. आणि 2023च्या मार्चमध्ये दिओर या पॅरिसच्या वेशगृहाने आपला संग्रह गेटवे ऑफ इंडियासमोर दाखवला, तेव्हा मुंबईतल्या चाणक्य या कारखान्याचा सहभाग जाहीरपणे सांगितला गेला. त्याआधीच्या कित्येक दशकांत असं सांगायची पद्धत नव्हती. राशींच्या जॅकेटच्या गळ्याशी एकच पट्टी आहे, तिच्यावर एकच नाव. आरी चालवणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच पट्टीवर नाहीत. या कपड्याची किंमत ज्या श्रमांतून आली त्यांचा विसर पडू नये, म्हणून प्रत्येक चित्राखालच्या मजकुरात, माहीत आहे तिथे, कारखान्याचं नाव मी मुद्दाम दिलं आहे.

युद्धाने मेजं विस्कटली. स्कियापारेली अमेरिकेत गेली, परतली, पण 1947 साली दिओरने नाजूक कंबर आणि प्रचंड घेर पुन्हा आणला, आणि नजर परत खाली गेली. 1954 साली तिने वेशगृह बंद केलं. त्याच वर्षी तिची जुनी प्रतिस्पर्धी शानेल पुन्हा मैदानात उतरली, हा योगायोग फॅशनच्या इतिहासकारांना फार आवडतो. 1969 साली तिने आपल्या संग्रहातले कपडे फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाला दिले. 1973 साली ती वारली.

संध्याकाळच्या जॅकेटला मात्र दुसरा जन्म मिळाला, तोही दोन रूपांत आणि एकाच माणसाच्या हातून. ईव्ह सँ लोराँ या वेशकाराने 1966 साली ‘ल स्मोकिंग’ काढलं. पुरुषांचं जेवणाचं काळं जॅकेट, रेशमी कॉलरसकट, बाईच्या मापाने. इंग्लंडच्या युवराजासाठी सॅव्हिल रो रस्त्यावरच्या हेन्री पूलने 1865 साली शिवलेल्या आखूड जॅकेटपासून ही परंपरा मोजतात. सँ लोराँच्या जॅकेटवर कशिदा नाही, पण खिसे होते, आणि ते घालून पँट चढवलेल्या बाईला न्यूयॉर्कच्या काही प्रतिष्ठित रेस्टॉरंटांचे दरवाजे बंद होते. पुन्हा रेस्टॉरंट, पुन्हा मेज. दुसरीकडे याच सँ लोराँने स्कियापारेलीच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली आणि तिचा वारसा उघडपणे चालवला. 1988च्या उन्हाळी संग्रहात त्याने व्हॅन गॉगची सूर्यफुलं आणि आयरिस जॅकेटांवर उतरवले. कशिदा पुन्हा लसाजचा. अशा एका जॅकेटला सुमारे 600 तासांचं हातकाम लागलं. सूर्यफुलांचं एक जॅकेट 2019 साली पॅरिसच्या लिलावात 3,82,000 युरोंना गेलं.

अशा आकड्यांमुळे या जुन्या कपड्यांकडे गुंतवणूक म्हणून बघणारे वाढले आहेत. त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, पण एक इशारा त्यांनाही उपयोगी पडेल. संध्याकाळचं जॅकेट हा टिकायला केलेला कपडा नव्हता. त्या काळातल्या टिकल्या बऱ्याचदा जिलेटिनच्या असत. पाण्याने, उष्णतेने त्या विरघळतात. धातूची जर काळवंडते. मण्यांच्या वजनाने मूळ कापड आतून तुटत जातं, म्हणून संग्रहालयं ती हँगरवर न टांगता आडवी ठेवतात आणि अगदी मंद उजेडात दाखवतात. जे उरलं आहे ते श्रीमंतांच्या कपाटांतलं आणि तेवढ्याच बायकांचा काळ सांगणारं. वाढप्यांनी, स्वयंपाक्यांनी, शिवणारणींनी त्या रात्री काय घातलं होतं, ते कुठल्याही काचेच्या पेटीत नाही. ही उणीव या पुस्तकालाही भरून काढता येणार नाही.

पुढल्या प्रकरणांत जॅकेटं सालवारीने येत नाहीत. ती शरीराच्या भागांप्रमाणे येतात. आधी खांदे, मग बाही, मग पुढची पट्टी आणि बटणं, मग खिसे, शेवटी अस्तर. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला आहे: कशिदा नेमका इथेच का, आणि तो कुठून बघितला जाणार होता? हा प्रश्न पॅरिसपुरता नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या लग्नांत आरीकामाच्या ब्लाऊजची शिलाई कधी कधी साडीच्या किमतीच्या पुढे जाते. ते काम पाठीवर आणि बाह्यांवर सर्वांत दाट असतं. मांडवात नवरी कुठे बसते, तिच्या मागे कोण उभं असतं, हात पुढे करून मेंदीचे फोटो कुठून काढले जातात, हे एकदा नीट पाहिलं की त्या ब्लाऊजचा नकाशा उलगडतो. स्कियापारेलीच्या जॅकेटकडेही त्याच नजरेने बघावं, एवढीच वाचकाकडून अपेक्षा आहे.